एक बादली गरम पाणी

आमचा जुना बॉयलर नोव्हेंबरात मेला आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं.

घरातला बल्ब गेला तर हा माणूस पुढच्या सणापर्यंत मोबाइलच्या उजेडात जिना चढतो. पण बॉयलर गेला म्हटल्यावर त्याची झोपच उडाली. थंडीने नव्हे, आनंदाने. नवीन बॉयलर निवडायचा होता ना! आमच्या आयटीतल्या पुरुषांना वस्तू वापरण्यात काडीचा रस नसतो, निवडण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही. साधा टोस्टर आणायचा तरी आधी रात्रंदिवस रिव्ह्यू बघतील, मित्रांना फोन लावतील, तावातावाने भांडतील. आणि टोस्टर घरी आला की त्यात पाव किती वेळ ठेवायचा ते बायकोला विचारतील.

आमचं घर डब्लिनच्या उत्तरेला, सँट्रीत. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून सतत कोणीतरी कुठेतरी चाललेलं असतं. घर जुनं आहे आणि इथल्या जुन्या घरांची रचना ठरलेली: स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, तो खोल्यांमधले रेडिएटर तापवतो आणि वरच्या मजल्यावरची एक तांब्याची टाकीही तापवतो. कपाटाला हे लोक प्रेस म्हणतात, म्हणून ती टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. टाकीच्या वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या. टाकीची ऊब दिवसभर वर येत राहते आणि फळ्यांवरचे टॉवेल-चादरी कोमट राहतात. या ओल्याकिच्च देशात घरटी तेवढी एकच जागा खरी कोरडी. आमचं हे कपाट जिना संपतो तिथे, बॉक्स रूमच्या भिंतीला लागून होतं. बॉक्स रूम म्हणजे घरातली सगळ्यात लहान खोली, आणि त्या खोलीत माझी आई राहत होती.

आई वर्ध्याची. बाबा गेल्यावर तिथल्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडली आणि दुपारी दूधवाल्याच्या बायकोला शंका येऊन तिने दार तोडायला लावेपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून होती. मला हे सगळं फोनवर कळलं, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, हातात सूपचा वाडगा असताना. त्या दिवशी मी ठरवलं की आईने पुन्हा एकटं राहायचं नाही. मग वकील, दाखले, एम्बसीच्या खेपा, सगळं झालं. तिला इथे कायम राहता येईल एवढे कागद जमले. आता राहिला होता फक्त तिचा होकार आणि तो काही ती देईना.

"हिवाळा काढून पाहतो, मंग सांगतो," एवढंच म्हणायची. आमच्याकडे बायकाही 'पाहतो, सांगतो, जातो' असंच बोलतात. पुण्याचे लोक हसतात. हसू देत. फेब्रुवारीचं परतीचं तिकीट तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं, मी ते मधूनमधून चाचपून बघायची.

तिला अवघड काय वाटत होतं ते मला पक्कं माहीत होतं. ती माझ्या घरी राहत नव्हती, जावयाच्या घरी राहत होती. आता घराच्या हप्त्यातला अर्धा माझ्या पगारातून जातो, पण हे आईला सांगून उपयोग नाही. जावयाचं घर ते जावयाचं घर. तिथे पाय पसरून बसायचं नाही, फ्रिज आपल्या हाताने उघडायचा नाही आणि काही म्हणजे काही मागायचं नाही. टीव्हीचा आवाज मोठा झाला तरी ती "कमी करा" म्हणायची नाही, उठून आपल्या खोलीत जायची.

अख्ख्या घरात तिने आपलं म्हणून धरलं होतं ते एक हॉट प्रेस. तिच्या पलंगाची बाजू त्या भिंतीला लागून होती. पडल्यापासून दुखणारी कंबर ती त्या भिंतीला टेकवून झोपायची. भिंत शेकायची. "माय वं, ही भिंत का गरम पाण्याची पिशवी," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. रोज संध्याकाळी ती सर्वांत खालच्या फळीवर, टाकीच्या अंगाला, दुधाचं पातेलं ठेवायची. सकाळी कवडीसारखं दही. डब्लिनमध्ये, नोव्हेंबरात! इथल्या मराठी मंडळातल्या बायका दही लागत नाही म्हणून ओव्हनचा दिवा लावून ठेवतात, आणि आमच्याकडे सुरी घालून कापावं असं दही. शेजारची आयरिश आजी एकदा चहाला आली तेव्हा आईने तिला वर नेऊन ते कपाट दाखवलं. दोघींना एकमेकींची अक्षरभर भाषा येत नाही, पण त्या कपाटासमोर उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. त्या दिवशी रात्री आई मला म्हणाली की उन्हाळ्यात इथे मूगवड्या घालून पाहायला पाहिजेत. उन्हाळ्यात! मला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग बॉयलर मेला.

दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, नवीनच घ्या. झालं. नवऱ्याने ही बातमी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि त्या ग्रुपवरचे सगळे दीडशहाणे जागे झाले. एरवी गणपतीच्या आरतीला ताट कोण आणणार विचारलं तर एकाचंही उत्तर येत नाही. कोणी म्हणालं कंडेन्सिंगच घे, कोणी म्हणालं कॉम्बी घे, कोणी किलोवॅट विचारले. लिमरिकच्या एका मित्राने तर कार चालवता चालवता स्पीकरवर प्रवचन दिलं. या गृहस्थाने आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. भाड्याच्या घरात राहतो, बॉयलर बिघडला की घरमालकाला फोन करतो. पण गॅसचे दिवस संपले, बाहेरच्या हवेतून ऊब ओढणारा हीट पंप हेच भविष्य, असं त्याने आम्हाला बजावलं. हीट पंपसाठी घराच्या भिंती, खिडक्या, रेडिएटर सगळंच बदलावं लागेल आणि तोवर आम्ही गारठून मरू, हे ऐकल्यावर तितक्याच ठामपणे म्हणाला, मग कॉम्बीला पर्याय नाही.

कॉम्बी म्हणजे टाकी नसलेला बॉयलर. नळ सोडला की तेवढ्यापुरतं पाणी तापवून देणार, नळ बंद केला की हा गप्प. आणि कंडेन्सिंग म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या धुरातलीसुद्धा उष्णता ओढून घेणार. धुराकडूनही वसुली! हा शोध नक्की पुण्यात लागला असणार, असं मी म्हणाले तर नवऱ्याला ते लागलं. तो पुण्याचा आहे.

या सगळ्या दिवसांत घरात दोन इलेक्ट्रिक हीटर होते आणि अंघोळीचं पाणी टाकीतल्या विजेच्या रॉडवर तापत होतं. त्याला इथे इमर्शन म्हणतात आणि ते चुकून चालू राहिलं तर विजेच्या बिलाच्या धास्तीने आयरिश माणसाला घाम फुटतो. आमचा नवरा या बाबतीत चटकन आयरिश झाला. आई अंघोळीला जायच्या आधी चालू, ती बाहेर आली की पळत जाऊन बंद. आई आत असतानाच एकदा बटणाचा खटका वाजला. त्या दिवसापासून तिच्या अंघोळी लवकर उरकायला लागल्या.

एका रविवारी चहाच्या वेळी हा लॅपटॉप घेऊन बसला. आधी सगळ्यांच्या गरजा समजून घ्यायच्या म्हणे. सिटीवेस्टच्या ऑफिसात हा हेच काम करतो, लोकांना काय पाहिजे ते विचारतो आणि ते सोडून बाकी सगळं बनवून देतो. मला विचारलं. मी म्हटलं, सकाळी केस धुवायला पाणी मिळालं पाहिजे आणि टाकी राहिली पाहिजे. "टाकी का?" म्हटलं, आईला लागते. मग साहेब आईकडे वळले.

"आई, तुम्हाला अंघोळीला किती गरम पाणी लागतं?"

आई पदर सावरून म्हणाली, "मले काय लागते जावईबापू? एक बादली पुरे."

आणि त्या शहाण्याने लॅपटॉपवर टाइप केलं: एक बादली.

अरे, कपाळ माझं! आमच्याकडे पंगतीत पोळी वाढताना माणूस पहिल्यांदा 'नको' म्हणतो, ते ऐकू आलं तरी ऐकायचं नसतं. दुसऱ्यांदा 'पोट भरलं' म्हणतो, तेव्हा पोळी ताटापर्यंत न्यायची असते. तिसऱ्यांदा तो दोन्ही हात ताटावर आडवे धरतो आणि बोटांच्या फटीतून पोळी पडू देतो. पहिल्या 'नको'वर डबा बंद करणाऱ्या घराची गावात वर्षभर नाचक्की होते. आणि इथे सासू जावयाला म्हणतेय, एक बादली पुरे! हे काय उत्तर आहे? ही तर बोलण्याची सुरुवात. बरं, परदेशी जावई असता तर समजू शकले असते. हा मराठी आईच्या पोटी जन्मलेला, लग्नात कान पिळून घेतलेला जावई.

मी रात्री त्याला हे समजावून सांगितलं. तर म्हणाला, "त्यांना जास्त लागत असतं तर त्या बोलल्या असत्या ना?"

नंतर बॉयलर विकणारा आला. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, हातात टॅबलेट, तोंडात प्रत्येक वाक्याला 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत 'छान'. भिंत बघितली, ग्रँड. धुराड्याची जागा बघितली, ग्रँड. हॉट प्रेस उघडलं, आत आईचं पातेलं होतं, तेसुद्धा ग्रँड. मग त्याने टाकीला गुंडाळलेल्या लाल जाकिटाला हात लावून मान हलवली. ही टाकी दिवसभर कपाट तापवत बसते, ही सगळी उष्णता वाया चाललीय, असं तो म्हणाला. वाया! मी म्हटलं, वाया नाही, तिथे आम्ही दही लावतो. तो हसला. नवरा त्याच्याहून मोठ्याने हसला. टाकी ठेवूनही चांगला बॉयलर बसवता येईल का, असं मी विचारलं. येईल की, तो म्हणाला, पण टाकी काढली तर तुम्हाला अख्खं कपाट परत मिळेल. नवऱ्याचे डोळे चमकले. कपाट मिळणार म्हणताना याला जणू कोणी जमीन नावावर करून देत होतं.

स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेवटचं ठरायचं होतं. आईही होती. मी तिला मराठीत सगळं सांगितलं: ही टाकी काढणार आहेत, भिंत गार होईल, दही लागणार नाही. "सांग ना त्याला. तुला टाकी पाहिजे ना? बोल."

तिने टेबलाखाली माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. आणि हसून म्हणाली, "काढा न जावईबापू. मले काय करायचं आहे त्या टाकीचं? घर तुमचं आहे."

'घर तुमचं आहे' हे मला ऐकू आलं. त्याला 'काढा' ऐकू आलं.

डिसेंबरात काम झालं. दोघं जण टाकी जिन्यावरून खाली आणत होते तेव्हा आई हातात दुधाचं पातेलं घेऊन वर कोपऱ्यात उभी होती, त्यांना वाट देत. स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरा चकचकीत डबा बसला. त्याला हात लावून पाहा, गारच. आत एवढी आग जळते, पण बाहेर इतकीसुद्धा ऊब सुटत नाही, यालाच म्हणे एफिशियंट म्हणतात. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या डब्यावर हात ठेवायला लावायचा आणि म्हणायचा, "बघ, काही लागतंय का हाताला?" लागत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात दूध होतं, दूधच. तिसऱ्या दिवशीही. "आज दही नाही का?" नवऱ्याने विचारलं. आई म्हणाली, "इथलं दूध बरोबर नाही." इतके दिवस त्याच दुधाचं दही खाल्लेल्या माणसाला ते पटलं. संध्याकाळी त्याने सुपरमार्केटमधून पांढऱ्या भल्यामोठ्या डब्यातलं काहीतरी आणलं, त्यावर ग्रीक असं लिहिलं होतं. आईने ते वाढून घेतलं आणि छान आहे म्हणाली.

अंघोळीचं तर विचारूच नका. आई शॉवरखाली उभी राहत नाही, पडल्यापासून तर नाहीच. स्टुलावर बसून बादली आणि मग्गा. आता नळ सोडला की आधी गार पाणी येत राहायचं, मग गरम. आणि खाली कोणी भांड्यांसाठी नळ सोडला की तिच्या नळाचा जीव जायचा. ती कधीही बोलली नाही. एकदा मी न्हाणीघरात टॉवेल द्यायला गेले आणि बादलीत बोट घातलं, म्हणून मला कळलं. त्यानंतर तिच्या अंघोळीच्या वेळी मी सिंकपाशी पहारा द्यायला लागले.

पण खरा पराक्रम पुढे आहे. या बॉयलरचं एक ॲप होतं. घरातल्या माणसांचे फोन त्यात नोंदवायचे. सगळे फोन घरापासून लांब गेले की घर रिकामं आहे असं समजून ते हीटिंग बंद करायचं आणि आपण परत निघालो की सुरू. नवरा ऑफिसात लोकांना हे दाखवायचा. मलाही, खरं सांगते, संध्याकाळी आल्यावर ऊबदार घर बरं वाटायचं.

जानेवारीत एकदा माझं डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. फोनची बॅटरी संपलेली, त्यामुळे मी येतेय हे ॲपला कळलं नाही. दार उघडलं तर आत बाहेरच्याइतकाच गारठा. वर गेले. आई पलंगावर, अंगात माझा जुना कोट, वरून शाल, डोक्याला मफलर, पाय पोटाशी घेऊन. पाठ त्याच भिंतीला टेकवलेली. मी भिंतीला हात लावला, बर्फ.

"हीटिंग कधीपासून बंद आहे?"

"तुमी गेल्यावर होते न रोज बंद."

"रोज? आणि तू सांगितलं नाहीस?"

"मले वाटलं, दिवसा बंद ठेवत असतीन इथं. एका माणसासाठी काहून जाळावं?"

आमचे दोघांचे फोन ऑफिसात होते. तिचा फोन त्या दीडदमडीच्या ॲपात नव्हताच. त्याच्या लेखी घरात कोणी नव्हतं. मी नवऱ्याला फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. तो गडबडला, ओशाळलासुद्धा, पण म्हणाला काय? "अरे हो, त्यांचा फोन ॲड करायचा राहिला." राहिला! एवढी मोठी बॉयलरची निवड झाली, देशभरातले शहाणे झिजले, आणि घरात माणसं किती हेच मोजायचं राहिलं.

त्याने फोन ॲड केला. मला वाटलं आता तरी संपलं. पण एफिशियन्सीचं वारं एकदा लागलं की माणूस थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने छताखालच्या माळ्यावर उष्णता अडवायच्या जाड गाद्या अंथरून घेतल्या. त्या गाद्यांवर सामान ठेवायचं नाही, दबतात म्हणे. मग माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या. आणि त्या कुठे गेल्या? बरोबर. परत मिळालेल्या कपाटात. टाकीच्या जागी अगदी फिट्ट बसल्या म्हणून साहेब खूश. आमच्या मोठ्या बॅगा मागे, आणि सगळ्यांत पुढे, दाराला लागून, आईची मरून सूटकेस.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आईच्या पलंगावर तिची लुगडी घड्या घालून रचलेली होती. स्वेटर एका बाजूला. औषधांचा डबा बांधलेला.

"काय करून राहिली तू?" माझ्या तोंडून वर्धाच निघालं.

"टॉवेल ठेवाले कपाट उघडलं," ती म्हणाली. "बॅग काढून ठेवली न जावईबापूंनं."

मला कळेचना. मग कळलं. मी सांगू लागले, अगं, माळ्यावर जागा नव्हती म्हणून ठेवली, त्याच्या डोक्यात असलं काही येतच नाही, तेवढी अक्कल असती तर काय पाहिजे होतं! ती ऐकून घेत होती आणि घड्या घालत होती.

"बोलून नाही दाखवलं त्याईनं," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे. मी जातो न वापस. फेब्रुवारीचं तिकीट आहेच."

वर्ध्याचं न्हाणीघर माझ्या डोळ्यांपुढे आलं. ती ओली फरशी. मी खाली आले. नवरा सोफ्यावर बसून ॲपमध्ये गॅसचा आलेख बघत होता. मी तो फोन काढून घेतला आणि काय झालं ते सांगितलं. इतका वेळ मी त्याला जे काही म्हणत आलेय ते सगळं खरं आहे, पण हेही खरं की त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण मी तर नुसती बॅग ठेवली," तो म्हणाला.

"आणि तिने नुसती बादली सांगितली होती. जा, वर जा. राहा म्हणून सांग. मी सांगून उपयोग नाही, मी लेक आहे. तू सांग."

तो गेला. लगेच परत आला. "नको म्हणाल्या."

मला त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. "किती वेळा विचारलंस?"

"विचारलं की. त्या म्हणाल्या, मला काय, मी जाते. आता बळजबरी कशी करणार?"

"आपल्या लग्नात माझ्या काकांनी तुझ्या ताटात जिलेबी किती वेळा वाढली होती?"

"मी नको नको म्हणत होतो तरी वाढत होते."

"खाल्लीस ना?"

बॉयलरचे सगळे आकडे तोंडपाठ असलेला हा माणूस, त्याला एवढी एक गोष्ट डोक्यात शिरायला किती वेळ लागला. मग तो पुन्हा वर गेला. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिले. वरून त्याचा पुटपुटता आवाज, आईचं "नाही नाही, कशाले", पुन्हा त्याचा आवाज. पुन्हा तिचं "नाही". मला वाटलं, झालं, आता हा तोंड पाडून येणार.

तो आला तो मरून सूटकेस घेऊन. दोन्ही हातांनी उचललेली, जिन्यावर तोल सांभाळत. माझ्याशी न बोलता मागचं दार उघडून तो पावसात गेला आणि परसातल्या शेडकडे चालू लागला. शेडमध्ये गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या. त्या सगळ्यांच्या मागे, भिंतीपर्यंत, तो सूटकेस ढकलत होता.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "अवो जावईबापू," ती दारातून ओरडली, "भिजसान न तुमी!" या घरात तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तो निथळत आत आला. चष्म्यावर पाणी, पायाला चिखल. म्हणाला, "आई, ते कपाट रिकामं केलंय. तिथे काय ठेवायचं ते तुम्ही सांगा. टाकी परत बसवता येते का मी विचारतो. आणि तुम्ही जायचं नाही."

आईने हातातला टॉवेल त्याला दिला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या त्या गार पांढऱ्या डब्याकडे.

"खरं सांगू काय जावईबापू," ती म्हणाली, "मले दोन बादल्या लागते. आणि मी अंघोळीले बसली का खालचा नळ सोडत नका जाऊ."